ओसरीवरची शाळा : दूध आणि अंडे

गेल्या महिन्यात या सदराची जागा रिकामी राहिली, त्याचे कारण शुभ आहे. आमच्या धाकट्या सूनबाईंस कन्यारत्न झाले, आणि घरात बारशाची धामधूम चालू असता लेखणी हाती धरण्यास सवड सापडली नाही. ज्या वाचकांनी काळजीने विचारणा केली त्यांचे आभार मानून आज शाळा पुन्हा भरवितो.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. माजघरात सूनबाई तान्हुलीस पाजीत होत्या. आमच्या सौभाग्यवती बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी आणि धुरी यांच्या व्यवस्थेत गुंतल्या होत्या. आम्ही ओसरीवरील झोपाळ्यावर बसून डोळे मिटण्याच्या बेतात होतो. इतक्यात आठव्या इयत्तेत शिकणारी आमची थोरली नात पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, “आजोबा, सस्तन प्राणी पिलांना जन्म देतात आणि त्यांना दूध पाजतात, असे आम्हांला सांगितले आहे. मग या दोहोंतले आधी कोणते आले? जन्म देणे की दूध पाजणे?”

आमची झोप उडाली. याच जातीचा एक प्रश्न आम्हांस पूर्वी एकदा एका मुलाने विचारला होता, आणि त्याला आम्ही दिलेले उत्तर आजही आमच्या छातीवर दगडासारखे बसलेले आहे. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढील विवेचनाचे प्रयोजन वाचकांच्या ध्यानात येईल.

१९८९ सालचा पावसाळा होता. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे सातवीचा तास आम्हांकडे आला. आमचे इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपुरते आणि आमचा विषय संस्कृत. तथापि ज्याला अमरकोश पाठ आहे त्याला प्राण्यांचे वर्ग सांगता येऊ नयेत की काय, असा आमचा तोरा! आम्ही फळ्यावर दोन रकाने आखले. एकावर लिहिले ‘जरायुज’, दुसऱ्यावर ‘अंडज’. पहिल्याखाली ‘दूध पाजतात’ आणि दुसऱ्याखाली ‘दूध पाजीत नाहीत’ असे लिहून हात झाडले. तोच तिसऱ्या बाकावरील एक शांत मुलगा उभा राहिला.

“गुरुजी, एक प्राणी अंडी घालतो आणि दूधही पाजतो. मी चित्र पाहिले आहे.”

कोणत्या पुस्तकात, असे विचारता मामाच्या गावच्या वाचनालयात, असे तो म्हणाला. प्राण्याचे नाव त्यास आठवेना. “बदकासारखी चोच असते आणि अंगावर केस असतात,” एवढेच त्याने सांगितले. वर्ग हसू लागला. वर्ग हसला म्हणजे मास्तरासही स्फुरण चढते. आम्ही म्हणालो, “चोच बदकाची, केस मांजराचे, मग शेपटी वाघाची असेल!” त्यावर तो अगदी गंभीरपणे उत्तरला, “नाही गुरुजी, शेपटी चपटी असते.”

हे उत्तर आम्हांस उद्धटपणाचे वाटले, आणि तास संपेपर्यंत आम्ही त्यास बाकावर उभे केले.

पुढे दिवाळीच्या सुटीत एका स्नेह्यांकडे गेलो असता त्यांच्या कपाटात एक सचित्र प्राणिकोश दिसला. सहज चाळता चाळता एका पानावर आमचा हात थांबला. चोच बदकासारखी, अंगावर दाट केस, आणि शेपटी चपटी. खाली लिहिले होते, ‘प्लॅटिपस, ऑस्ट्रेलिया. हा प्राणी अंडी घालतो व पिलांस दूध पाजतो.’ त्यानंतर आम्ही काय केले, ते शेवटी सांगू.

आता नातीच्या प्रश्नाकडे वळू. आमचा पहिला अपराध असा की, आम्ही जन्माची रीत आणि पोषणाची रीत या दोन भिन्न गोष्टी एका दोरीने बांधल्या. आपल्या प्राचीनांनी तसे केले नव्हते. ऐतरेय उपनिषदात अंडज, जारुज म्हणजेच जरायुज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे जिवांचे चार प्रकार सांगितले आहेत, ते केवळ जन्मावरून. त्यांत दुधाचा उल्लेख नाही. दुधाची जोड आमच्या पदरची. इतकेच नव्हे, तर या जोडीस बाध आणणारे उदाहरण आमच्या कुंपणाशीच होते. घोणस ही अंडी न घालता जिवंत पिले प्रसवते, हे खेड्यातील गुराख्यासही ठाऊक असते. फुरशाचेही तसेच. पण म्हणून घोणशीने पिलांस पाजल्याचे कोणी पाहिले आहे काय? जो प्रसवतो तो पाजतोच असे नाही, हे ज्यास दिसत होते त्यास, जो पाजतो तो प्रसवतोच असे नाही, हेही सुचावयास हवे होते. परंतु फळ्यावर रेघ ओढली की मास्तरास रेघेपलीकडचे दिसत नाही.

स्वीडनमधील सुप्रसिद्ध पंडित कार्ल लिनियस यांनी १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या वर्गाचे ‘चतुष्पाद’ हे जुने नाव टाकून, स्तनांवरून ‘मॅमेलिया’ असे नवे नाव ठेविले. आपला ‘सस्तन’ हा शब्द त्याचाच अर्थ सांगतो. केसांवरूनही त्यांस नाव ठेवता आले असते, पण त्यांनी मातेच्या दुधाची निवड केली. श्रीमंत घरच्या स्त्रियांनी आपली मुले दाईच्या दुधावर वाढवू नयेत, म्हणून १७५२ साली त्यांनी एक प्रबंधही प्रसिद्ध केला होता. तेव्हा नामकरणात त्यांचे अंतःकरणही थोडे मिसळले असल्यास नवल नाही. मात्र लिनियस यांच्या हयातीत युरोपातील विद्वानांस प्लॅटिपस ठाऊक नव्हता.

त्याचे कातडे इंग्लंडात पोहोचले आणि १७९९ साली जॉर्ज शॉ यांनी त्याचे वर्णन छापले. कोणी खट्याळाने चतुष्पादाच्या धडास बदकाची चोच बसविली नाही ना, अशी शंका खुद्द त्यांनीच बोलून दाखविली आहे. पुढे जर्मनीचे योहान मेकेल यांनी मादीच्या पोटाखाली दुग्धग्रंथी दाखवून दिल्या, आणि विद्वानांत जो वाद माजला तो ऐकण्याजोगा आहे. फ्रान्सचे जॉफ्रॉ सेंट-हिलेर म्हणत, हा प्राणी अंडी घालणारा आहे, म्हणून त्या ग्रंथी दुधाच्या असणे शक्य नाही. इंग्लंडचे रिचर्ड ओवेन म्हणत, ग्रंथी दुधाच्याच आहेत, म्हणून हा प्राणी अंडी बाहेर घालीत नसावा. अंडी पोटातच फुटून पिले बाहेर पडत असावीत. दोघेही मोठे पंडित आणि दोघेही अर्धे बरोबर! दोघांनीही आमचा तोच दोन रकान्यांचा फळा डोळ्यांपुढे धरला होता.

यात अधिक लाजिरवाणी गोष्ट अशी की, ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी हा प्राणी अंडी घालतो असे वसाहतवाल्यांस सांगत आले होते. ज्यांच्या नद्यांच्या काठी तो युगानुयुगे राहिला त्यांची साक्ष कोणी पुरावा म्हणून धरली नाही. अखेर १८८४ साली विल्यम कॉल्डवेल या तरुण ब्रिटिश संशोधकाने क्वीन्सलंडमधील बर्नेट नदीच्या काठी तळ ठोकला आणि त्याच मूळ रहिवाशांच्या श्रमाने शेकडो प्राणी धरून मारले. त्यांत अंडे घातलेली मादी सापडताच त्याने अवघ्या चार शब्दांची तार केली, आणि ती माँट्रियल येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत वाचून दाखविण्यात आली. त्याच वर्षी विल्हेल्म हाके यांनी एकिड्ना या काटेरी भावंडाच्या पोटावरील पिशवीत अंडे पाहिले. पंच्याऐंशी वर्षे चाललेला वाद असा मिटला. प्लॅटिपसला स्तनाग्रे नसतात. पोटावरील केसाळ त्वचेतून दूध पाझरते आणि पिले ते ओढून घेतात. म्हणजे दूध आहे, पण स्तन नाही. सस्तन या शब्दासच ज्याने बुचकळ्यात टाकले, असा हा सस्तन प्राणी!

परंतु तो विचित्र नाही. आपल्या कुळातील एका अतिप्राचीन अवस्थेची तो साक्ष देतो, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर अंडी घालणाऱ्या प्राण्यांच्या वंशास दोन शाखा फुटल्या. एकीपासून पुढे सरडे, साप, कासवे, मगरी आणि पक्षी झाले. दुसरीपासून आपण झालो. सस्तन प्राणी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून झाले, असे आम्ही अनेक वर्षे शिकविले. तेही आता सुधारून घेतले पाहिजे. त्या दोन शाखा चुलत घराण्यांसारख्या आहेत. एक दुसरीची लेक नव्हे. आपल्या शाखेची खूण अशी की, कवटीच्या प्रत्येक बाजूस डोळ्यामागे एकच भोक असते आणि त्यातून जबड्याचा बळकट स्नायू जातो. वाचकांनी कानशिलावर दोन बोटे ठेवून सुपारीचे खांड चावून पाहावे. बोटांखाली जे हलते ते त्या स्नायूचेच काम आहे. मुलांच्या खेळण्यांतील डायनोसोरांत पाठीवर शिडासारखा पंखा असलेला एक प्राणी हटकून असतो. त्याचे नाव डायमेट्रोडॉन. तो डायनोसोर नव्हेच. पहिला डायनोसोर जन्मण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे तो नामशेष झाला होता, आणि कवटीची ती एक खिडकी पाहता तो आपल्या शाखेकडील ठरतो.

सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर असा एक प्रलय ओढवला की, समुद्रातील बहुतेक जाती नाहीशा झाल्या. त्यातून तगलेल्यांत आपल्या शाखेचा लिस्ट्रोसॉरस हा डुकराएवढा शाकाहारी प्राणी होता. त्याची हाडे दक्षिण आफ्रिकेत, अंटार्क्टिकात, आणि बंगालमध्ये दामोदर नदीच्या खोऱ्यातील पंचेत येथील खडकांतही सापडतात. हे सर्व भूभाग तेव्हा एकमेकांस जोडलेले होते, याचा तो एक पुरावा मानला जातो. त्याच काळी सायनोडॉन्ट नावाचे लहान, श्वापदांसारख्या दातांचे प्राणी वावरत होते. त्यांच्या तोंडात एक नवी वस्तू तयार होत होती, ती म्हणजे हाडांची टाळू. तोंड आणि नाकाचा मार्ग यांच्यामध्ये हा पडदा आला आणि घास तोंडात असताना श्वास चालू ठेवणे सोपे झाले. आमची तान्हुली दूध ओढताना नाकाने श्वास घेत राहते, ती या पडद्याच्या बळावर. ज्या बाळाची टाळू जन्मतः दुभंगलेली असते त्यास दूध ओढणे किती कठीण जाते, हे वाचकभगिनींस सांगणे नको.

याच वंशात सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी मॉर्गन्युकोडॉन नावाचा चिचुंद्रीएवढा प्राणी झाला. त्याचे अवशेष प्रथम वेल्समध्ये सापडले. १९४९ साली त्यास नाव मिळाले. त्याच्या जबड्यास प्रत्येक बाजूस एक नव्हे, दोन बिजागऱ्या होत्या. एक पूर्वजांची जुनी आणि दुसरी आपणांसारखी नवी. जुने घर पाडण्यापूर्वी शेजारी नवे उभे करावे, तसा हा प्रकार. नव्या बिजागरीने भार उचलताच जुनीची हाडे मोकळी झाली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या लहान होत होत कानात गेली. आपल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन चिमुकली हाडे असतात. त्यांपैकी हातोडी आणि ऐरण ही पूर्वी जबड्याची हाडे होती. ज्या सांध्याने आपले पूर्वज चावीत, त्याच सांध्याने आपण आज ऐकतो.

ही कल्पित कथा वाटेल. परंतु जर्मनीतील कार्ल रायखेर्ट यांनी १८३७ सालीच डुकराच्या गर्भांची बारकाईने पाहणी करून दाखवून दिले होते की, गर्भावस्थेत ही हाडे खालच्या जबड्याच्या कूर्चेस जोडूनच तयार होतात. डार्विनचा ग्रंथ त्यानंतर बावीस वर्षांनी निघाला. म्हणजे गर्भाने आपली वंशावळ आधी सांगितली, आणि तिचा अर्थ माणसास मागाहून लागला. या नव्या कानांनी बारीक आणि उंच स्वर पकडता येऊ लागले. रात्री पालापाचोळ्यात किड्याची खसखस ऐकून जगणाऱ्या जिवास हे वरदानच होते. दिवस डायनोसोरांचा होता. आपल्या पूर्वजांच्या वाट्यास पुष्कळ काळ रात्रच आली. गाय, कुत्रा, मांजर यांस आजही लाल आणि हिरवा यांतील भेद नीट कळत नाही, ही त्या दीर्घ रात्रीची शिल्लक आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. केस हे त्या काळचेच. चीनमधील सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत कॅस्टोरोकॉडा नावाच्या पोहणाऱ्या प्राण्याभोवती केसांचे स्पष्ट ठसे मिळाले आहेत.

आता दूध. दूध अश्मीभूत होत नाही. मग त्याचे वय कसे काढावे? येथे तीन साक्षी एकमेकांस दुजोरा देतात.

पहिली साक्ष अंड्याची. आपल्या प्राचीन शाखेची अंडी कोंबडीच्या अंड्यासारखी टणक कवचाची नसून चामड्यासारख्या मऊ कवचाची होती, आणि अशा अंड्यातील ओल भराभर उडून जाते. अमेरिकेतील ओलाव ऑफ्टेडाल यांनी २००२ साली असे प्रतिपादन केले की, केसांच्या मुळाशी असणाऱ्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या ओलाव्याने माता प्रथम अंडी भिजवीत असाव्यात, आणि त्या ओलाव्यातच हळूहळू पोषक द्रव्ये मिसळत गेली. त्यात जंतूंपासून रक्षण करणारी द्रव्ये होती, असे मानण्यास बळकट आधार आहे. दुधातील साखर तयार करण्यास जे एक प्रथिन लागते ते लायसोझाइम या द्रव्यापासून रूपांतरित झालेले आहे, आणि लायसोझाइम म्हणजे आपल्या अश्रूंतही असणारा, जंतूंचा नाश करणारा पदार्थ. म्हणजे दूध हे अन्न होण्यापूर्वी बहुधा पाणी आणि औषध होते.

दुसरी साक्ष आपल्या बीजाची. २००८ साली स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठाच्या संशोधकांनी अंड्यातील पिवळा बलक तयार करणाऱ्या जनुकांचा माग काढला. कोंबडीत अशी तीन जनुके आहेत. प्लॅटिपसमध्ये एकच चालू स्थितीत उरले आहे. मनुष्यात एकही चालत नाही, परंतु त्यांचे मोडके अवशेष आपल्या बीजात अद्याप पडून आहेत. उलट दुधातील केसीन या प्रथिनाची जनुके सर्व सस्तनांच्या समान पूर्वजांतच अस्तित्वात होती. म्हणजे दूध आधी आले. त्याने पिलांच्या पोषणाचा भार उचलला, तसतसा बलक निरुपयोगी होत गेला. मातेच्या उदरात पूर्ण वाढ होण्याची सोय त्याच्या पुष्कळ मागाहूनची. मनुष्याच्या गर्भाशीही आरंभी बलकाची पिशवी तयार होते. आत बलक मात्र नसतो. जुन्या वाड्यात धान्याचे पेव असावे, पण त्यात धान्य ठेवण्याची गरज कधीच संपलेली असावी, तशी ती पिशवी.

तिसरी साक्ष दातांची, आणि ती आम्हांस विशेष प्रिय आहे. मगरीस किंवा सरड्यास जन्मतःच दात लागतात, कारण पहिल्या दिवसापासून भक्ष्य पकडायचे असते. पुढे अंग वाढेल तसे ते दात पुनःपुन्हा पडतात आणि येतात. अशा अस्थिर दातांची वरची आणि खालची बाजू एकमेकांत नेमकी बसू शकत नाही. पण मातेचे दूध मिळू लागले आणि पिलास दातांविना राहता येऊ लागले. तोवर जबडा वाढला. मग एकदा दुधाचे दात आणि एकदा कायमचे, अशी दोनच खेपांची रीत बहुतेक सस्तनांत रूढ झाली. त्यामुळे वरखालचे दात जात्याच्या पाळूंसारखे एकमेकांवर बसू लागले. मॉर्गन्युकोडॉनमध्ये ही दोन खेपांची रीत दिसते, म्हणून तो आईच्या दुधावर वाढत असला पाहिजे, असे अनुमान निघते. ‘दुधाचे दात’ हे आपल्या आज्यांनी ठेवलेले नाव शास्त्रदृष्ट्याही किती चपखल आहे!

अमरसिंहाने ‘द्विज’ या शब्दाचे तीन अर्थ एकत्र दिले आहेत. दात, ब्राह्मण आणि अंड्यातून जन्मणारा. दात दोनदा उगवतो, मुंज झालेला बटू दुसऱ्यांदा जन्मतो, आणि पक्षी एकदा अंडे होऊन व एकदा अंडे फोडून जन्मतो. चाळीस वर्षे हा शब्द आम्ही मुलांकडून घोकून घेतला. परंतु दात आणि अंडे यांचा खरोखरच एका कुळकथेत संबंध असेल, असे कधी मनातही आले नव्हते. अंडे सुटण्यापूर्वी दूध आले, आणि दूध आले म्हणून दात दोनदाच येऊ लागले. अमरसिंहास हे ठाऊक होते असे कोणी म्हणू नये. आम्हीही म्हणत नाही. शब्दाचा योगायोग आहे, पण गोड आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ही लक्षणे एका मुहूर्तावर, एका ताटात वाढून आलेली नाहीत. २०२० साली मॉर्गन्युकोडॉनच्या दातांच्या मुळांवरील वार्षिक थर मोजण्यात आले, तेव्हा तो चौदा वर्षांपर्यंत जगत असल्याचे आढळले. एवढ्याशा उष्ण रक्ताच्या प्राण्याचे आयुष्य आज सहसा वर्षा-दोन वर्षांचे असते. अर्थात् त्याच्या शरीराचा व्यवहार अद्याप सरड्यासारखा संथ होता. दात आपले, कान अर्धा आपला, दूध बहुधा आपले, आणि ऊब मात्र पुरती आपली नव्हे. ‘सस्तन म्हणजे काय’ या प्रश्नाचे उत्तर कोट्यवधी वर्षे तुकड्यातुकड्यांनी लिहिले गेले, आणि आम्ही ते एका तासात दोन रकान्यांत कोंबावयास निघालो होतो.

या कुळकथेचे एक पान आपल्या दख्खनच्या पाषाणातही आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्याच्या थरांनी आपला सह्याद्री घडला, ते थर एकामागून एक, मध्ये विसावा घेत पसरले. त्या विसाव्याच्या काळात तळी साचली, झाडे उगवली, जनावरे हिंडली. अशाच दोन थरांमधील मातीत, तेलंगणातील नसकल येथे, तिळा-मोहरीएवढे काही दात सापडले. १९८८ साली प्रसाद आणि साहनी या भारतीय शास्त्रज्ञांनी त्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे नाव डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी, म्हणजे ‘दख्खनचा चोर’. त्यातील हिस्लोपी हा शब्द नागपूरच्या परिसरातील जीवाश्म गोळा करणारे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ आहे. डायनोसोरांच्या अखेरच्या दिवसांत, एका बाजूस लाव्हा ओकत असलेल्या या भूमीवर, हा चोर रात्रीचा किडे वेचीत होता. पुढे मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अशनी आदळला आणि डायनोसोर गेले. वाचलेल्या अशाच कोणा क्षुद्र जिवांच्या पोटी हत्ती, देवमासे, वटवाघळे आणि आपण निपजलो.

इतके सर्व नातीस सांगून झाले तेव्हा दिवेलागण झाली होती. ती म्हणाली, “म्हणजे दूध आधी आणि जन्म मागून.” आम्ही म्हटले, “होय. अंडी घालणाऱ्या मातांनी प्रथम पाजले.” मग प्लॅटिपसची गोष्ट निघाली, आणि त्या भरात १९८९ सालच्या त्या मुलाचीही हकीकत आम्ही तीस सांगून टाकली. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “मग सुटीनंतर तुम्ही त्याला सांगितलेत का, की तुझे बरोबर होते म्हणून?”

नाही, आम्ही सांगितले नाही. दिवाळीनंतर शाळा भरली. तो त्याच तिसऱ्या बाकावर होता. आम्ही रोज हजेरी घेत असू आणि तो रोज ‘हजर’ म्हणे. चाळीस मुलांसमोर मास्तराने एवढ्याशा गोष्टीसाठी चूक कबूल केली तर धाक काय राहील, असे आम्ही स्वतःस समजाविले. आज सांगू, उद्या सांगू म्हणता वर्ष सरले. वडिलांची बदली झाली आणि तो शाळा सोडून गेला. त्या वर्षात त्याने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही, हे आम्ही पाहिले होते. चूक अज्ञानाची होती, ती क्षम्य म्हणता येईल. परंतु कळल्यावर धरलेले मौन अज्ञानाचे नव्हते.

नात म्हणाली, “मग आता सांगा.”

पत्ता ठाऊक नाही, म्हणून येथे सांगतो. वाचकहो, आपल्या घरातील एखादे मूल आपल्या व्याख्येत न बसणारे काही सांगू लागले, तर आधी ‘कोठे वाचलेस’ एवढे मायेने विचारावे आणि ते पुस्तक मिळवून दोघांनी मिळून उघडावे. चूक त्याची निघाली तर त्यास कळेल, आपली निघाली तर आपणांस कळेल. दोन्हींत लाभच आहे.

आणि तो मुलगा आता पन्नाशीस येऊन ठेपला असेल. हा अंक कोणा घरच्या ओसरीवर त्याच्या हाती पडो. बाबा रे, तू सांगितलेस ते सर्व खरे होते. तो प्राणी अंडी घालतो आणि दूधही पाजतो. चूक आमची होती. शेपटी चपटीच असते.